काढून ठेवलेला बल्ब

त्या भागात त्याला सगळे कानसेन म्हणत. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. गाडी फाटकातून आत यायच्या आधी, ती अजून वळणावर असतानाच, हा बॉनेटखाली घातलेलं डोकं बाहेर न काढता सांगायचा, "ती येतेय ना, तिचा पट्टा सैल झालाय." बघावं तर पट्टाच सैल निघायचा. एकदा म्हणे एका गिऱ्हाइकाने भर रस्त्यातून फोन केला, फोन इंजिनाजवळ धरला, आणि याने दुकानात बसल्या बसल्या सांगितलं, "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग वाजतंय. पुढे जाऊ नका." ही गोष्ट इतक्या तोंडांतून फिरली की ती सांगणाऱ्याच्या सोयीने वाढत गेली. पुढेपुढे तर काही जण बेअरिंगचा नंबरसुद्धा सांगायला लागले.

कानसेनला ती गोष्ट आवडायची. "काहीतरीच काय," असं तो म्हणायचा खरा, पण सांगणाऱ्याला मध्येच थांबवायचा नाही.

त्याचं वर्कशॉप म्हणजे दोन गाड्या जेमतेम मावतील अशी पत्र्याची शेड. मागच्या बाजूला खाली उतरून काम करायचा खड्डा, भिंतीवर पाने टांगायची फळी, आणि दाराशी गिऱ्हाइकांसाठी एक लांब बाकडं. त्या बाकड्यावर गाडी नसलेली माणसंही येऊन बसत. जोडीला त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. वय चाळिशीच्या पुढे, काम वायरिंगचं, आणि तोंडाला विसावा नाही.

कानाचं दुखणं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं, ते असं. नवरा-बायको स्वतःच्या गाडीतून कुठेसे निघाले होते. बायको म्हणाली, "अहो, तो इंडिकेटर बंद करा. कधीचा टिकटिक करतोय." कानसेनला टिकटिक आलीच नव्हती. त्याला वाटलं, टिकटिक करणारा रिले खराब झाला असणार, आवाज बारीक झाला असेल. दुसऱ्या दिवशी त्याने नवा रिले आणून बसवला. तरी आवाज नाही. बायकोला बसवून विचारलं, "वाजतोय का गं?" ती म्हणाली, "वाजतोय की. कालही वाजत होता." "हां, आता कसा खणखणीत वाजतोय," असं म्हणून तो गाडीतून उतरला. शेडच्या मागे जाऊन त्याने अंगठा आणि बोट कानाशी एकमेकांवर घासून पाहिलं. उजव्या कानाला थोडंसं काहीतरी आलं. डाव्याला काहीच नाही.

जाड आवाज यायचे. घरघर, धडधड, माणसांचं मोठ्याने बोलणं, सगळं यायचं. गेले होते ते बारीक, धारदार आवाज. आणि मेकॅनिकला तर तेच लागतात.

बायकोच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. "एकदा दाखवून या ना कान," ती म्हणायची.

"कान दाखवू? मी? लोक हसतील. कानसेन बहिरा झाला म्हणतील."

"बहिरा कोण म्हणतंय? कमी ऐकू येतं एवढंच म्हणते मी."

"मला सगळं येतं. तूच हळू बोलतेस."

"लग्नाला एकतीस वर्षं झाली," बायको म्हणाली, "मी हळू बोलते असं सांगणारे जगात तुम्ही एकटेच."

मग त्याने स्कॅनर घेतला. गाडीच्या स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतो, त्यात वायर लावली की गाडीचा कॉम्प्युटर कोणता दोष नोंदवून बसलाय ते पडद्यावर दिसतं. "काळाबरोबर राहायला पाहिजे," असं तो बाकड्यावरच्या मंडळींना म्हणाला. स्कॅनर आधी बघून घ्यायचा, मग बॉनेट उघडून डोळे मिटायचे, थोडं ऐकल्यासारखं करायचं आणि स्कॅनरने सांगितलेलंच सांगायचं. हे त्याने अंगवळणी पाडून घेतलं. कुणाला संशय आला नाही. पहिले काही दिवस त्याला स्वतःची लाज वाटली. नंतर तीही सवयीची झाली.

अशात सिस्टरची गाडी आली.

सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल करणारी परिचारिका. पंचेचाळिशीची, बारीक चणीची, बोलायला मऊ. पूर्वी रुग्णालयात होती, आता एका सेवासंस्थेकडून दिवसाला सात-आठ घरं करायची. कुणाची जखम धुवायची, कुणाची नळी बदलायची, कुणाला वेदना थांबवायचं इंजेक्शन द्यायचं. चौदा वर्षांची छोटी गाडी हाच तिचा हात आणि हाच पाय. त्या गाडीच्या मीटरमध्ये इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला होता.

ती आली दुपारी चारला, फेरी संपवून. इंजिन तापलेलं. कानसेनने स्कॅनर लावला. पुढचा ऑक्सिजन सेन्सर, मिश्रण पातळ, असा दोष दिसला.

"घाबरायचं काही नाही," तो म्हणाला. "इंजिनातून धूर ज्या नळीने बाहेर जातो, त्या नळीत एक सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो कॉम्प्युटरला सांगतो. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. तुमचा सेन्सर गेलाय. सांगतोय की ऑक्सिजन फार आहे, पेट्रोल कमी पडतंय."

"म्हणजे आम्ही पेशंटच्या बोटाला क्लिप लावतो तसं," सिस्टर म्हणाली. तिला एकदम गंमत वाटली. "पण काका, क्लिपवर आकडा वेडावाकडा आला तर आम्ही आधी पेशंटकडे बघतो. क्लिप नंतर."

"इथे क्लिपच गेलीय."

"बरं. आणखी एक सांगायचं होतं. सकाळी गाडी सुरू केली की पुढून टिकटिक येते. घड्याळासारखी. पाच-सात मिनिटांनी जाते."

कानसेनने कान पुढे केला. इंजिन चालू होतं. त्याला नेहमीची घरघर आली. टिकटिक आली नाही, आणि आता इंजिन तापलेलं असताना ती कुणालाच आली नसती. ती सकाळचं सांगत होती, पण हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आवाज आहे आणि आपल्याला येत नाहीये, असंच त्याला वाटलं. बाकड्यावर चार माणसं बसली होती. सगळ्यांचं लक्ष इकडेच.

"सिस्टर," तो मोठ्याने म्हणाला, "मी तुमच्या पेशंटच्या नाडीला हात लावतो का? नाही ना? मग तुम्ही माझ्या इंजिनाची टिकटिक मोजू नका. मनगटावरचं घड्याळ काढून बघा, तेच वाजत असेल."

बाकडं खदखदून हसलं. मेहुणा तर गुडघ्यावर थाप मारून हसला. सिस्टरही हसली, पण तिचे कान लाल झाले. "नाही, आपलं सांगितलं," ती पुटपुटली आणि पुन्हा कधी तिने आवाजाचा विषय काढला नाही.

सेन्सर बदलला. दिवा गेला. बाराव्या दिवशी परत लागला.

आता खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. नवाकोरा सेन्सरही जर तेच सांगत असेल, तर सेन्सर खरं बोलतोय आणि दुखणं दुसरीकडे आहे, एवढं कानसेनला झोपेतही कळलं असतं. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याने गाडी रात्रभर ठेवून घेतली असती आणि सकाळी थंड इंजिनाजवळ कान नेला असता. पण कान नेऊन ऐकायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. स्कॅनर बरा. स्कॅनर वाचता येत होता. "मागचाही सेन्सर जुना झालाय, तो पुढच्याला गोंधळात टाकतोय," असं काहीतरी त्याने सांगितलं आणि मागचाही बदलला. सिस्टरने मान डोलावली. डॉक्टरांवर विश्वास ठेवायची तिची सवयच होती.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा बाकडं गच्च भरलेलं. फाटकातून गाडी शिरताच एक म्हातारा म्हणाला, "काय कानसेन, तिसरी खेप? या वेळी इंजिन काय म्हणतंय?"

म्हाताऱ्याने थट्टाच केली होती. पण ती कानसेनच्या वर्मी लागली. "वायरिंगचं आहे. तासाभरात होईल," तो म्हणाला. मेहुणा जेवायला गेला होता. कानसेनने गाडी आतल्या बाजूला घेतली, दार लावून घेतलं आणि मीटरचे चार स्क्रू काढले. मीटरच्या पाठीमागे छोट्या होल्डरमध्ये छोटे बल्ब बसवलेले असतात. पिवळ्या दिव्याचा होल्डर त्याने पाव फेरा फिरवून बाहेर काढला, त्यातला बल्ब चिमटीने उपसला, रिकामा होल्डर परत बसवला. बल्ब शर्टाच्या खिशात टाकला. मनात म्हणाला, दोन दिवसांनी बोलावून नीट बघू. आत्ता या लोकांसमोर नको.

"झालं," त्याने सांगितलं.

"काय होतं?"

"वायर सैल होती एक."

"तुमच्या हाताला यश आहे काका," सिस्टर म्हणाली. चावी फिरवून तिने मीटरकडे पाहिलं. पिवळा दिवा नव्हता. तिचा चेहरा इतका निवला की कानसेनने हात पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

ते दोन दिवस कधी आलेच नाहीत. उलट सिस्टरने आपल्या दोन मैत्रिणींना त्याच्याकडे पाठवलं. एकदा ती नुसतीच जाता जाता थांबली. "नाही हो, एकदाही नाही लागला दिवा! पेट्रोल मात्र जरा जास्त पितेय." "जुनी झालीय," कानसेन म्हणाला. त्याने तिच्यासाठी चहा मागवला. चहा पिताना ती त्याच्या हाताच्या भाजलेल्या जखमेला कोणतं मलम लावायचं ते सांगत होती. तो बघत होता बुटांकडे. खिशातला बल्ब तोपर्यंत टेबलाच्या खणात, जुन्या फ्यूजच्या डबीत गेला होता. फ्यूज काढायला खण उघडला की तो डबी न बघता हाताने चाचपडायचा.

तीन महिन्यांनी गाडी ओढून आणली. सिस्टर ओढणाऱ्या गाडीत पुढे बसून आली होती. आठवडा झाला होता म्हणे गाडी बंद पडून, संस्थेच्या आवारात नेऊन ठेवली होती.

"चढावर दमच तुटला हो तिचा," ती सांगू लागली. "पाय दाबला तरी पुढे जाईना. मग बंदच पडली. एक आजी होत्या, हाडांत पसरलेला आजार. बाराला इंजेक्शन ठरलेलं असायचं त्यांचं. मदतीला कुणी मोकळं नव्हतं, मग बॅग घेऊन चालत निघाले. पोचायला पावणेदोन झाले." ती थांबली. "ओरडत होत्या. रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं."

कानसेन फडक्याने तेच बोट पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

"घरच्यांनी तक्रार केली. त्यांचं काय चुकलं? मी गाडीची काळजी घेत नाही, असा शेरा पडला माझ्या फाइलवर. माफीपत्र लिहून दिलं. परवा गेल्या बिचाऱ्या आजी." मग जणू त्यालाच समजवायला ती घाईने म्हणाली, "माझंच दुर्लक्ष झालं असेल काका. पण दिवा लागला असता तर मी लगेच आणली असती. तुम्हाला तर माहीतच आहे. मी दिवा लागला की येतेच."

कानसेनला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. "ठेवून जा गाडी," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, इंजिन गारठलेलं असताना, त्याने मेहुण्याला गाडी सुरू करायला सांगितलं. गाडी खोकत खोकत सुरू झाली. मेहुणा खाली उतरला आणि लगेच म्हणाला, "अरे वा, कसली टिकटिक आहे ही!"

कानसेन बॉनेटवर वाकला. डोळे मिटले. घरघर. आणखी वाकला, इतका की इंजिनाची थरथर गालाला जाणवली. घरघर, बस.

"भावजी, इथे, इथून येतेय. ऐकू येत नाही तुम्हाला?"

नेहमीसारखं "येतंय ना" ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. "नाही," तो म्हणाला. "नाही येत."

मेहुणा हसायला लागला आणि त्याच्या तोंडाकडे बघून मध्येच थांबला.

मग कानसेनने कानाचं काम हाताला दिलं. इंजिनातून धूर जिथे पहिल्यांदा बाहेर पडतो त्या ओतीव नळीजवळ त्याने तळहात हळूहळू फिरवला. एका जागी हाताला फुस्स फुस्स अशी बारीक फुंकर लागली. बॅटरीचा उजेड टाकला तर नखाएवढी चीर, आणि तिच्या कडेने काजळीची काळी रेघ. लोखंड तापलं की फुगतं आणि चीर बरीचशी मिटते. म्हणून टिकटिक सकाळीच यायची. त्या चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जायची, पुढे बसलेला सेन्सर इमानदारीत सांगायचा की ऑक्सिजन जास्त आहे, आणि कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवत राहायचा. प्लग काजळून गेले होते. धूर शुद्ध करणारा डबा, ज्याला कॅटॅलिटिक म्हणतात, तो आतून वितळून गच्च झाला होता. इंजिनाला श्वासच सोडता येत नव्हता.

हे सगळं एका दिवसात होत नाही. आधी पिवळा दिवा लागतो. मग इंजिन अडखळायला लागलं की तो लुकलुकतो, थांबा म्हणून सांगतो. आठवडेच्या आठवडे तो सांगत राहिला असता.

मेहुण्याने आपणहून मीटर उघडला होता. "भावजी, इथे बल्बच नाहीये. गेलेला नाही, नाहीच आहे. मी तर हात लावला नव्हता हं."

"मी काढला," कानसेन म्हणाला.

मेहुण्याने मीटरचा एक स्क्रू उगाच लावला आणि परत काढला. मग तो हळूच, पण कानसेनला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "बल्ब उडाला होता म्हणा. कुणाला काय कळतंय?"

चार दिवसांत गाडी नीट झाली. सिस्टर न्यायला आली तेव्हा कानसेनने तिला काढून ठेवलेली नळी दाखवली, चीर दाखवली. "तुम्ही म्हणाला होतात ना टिकटिक, ती ही."

"म्हणजे मला बरोबर ऐकू आलं होतं!" ती लहान मुलीसारखी खूश झाली. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "पण मग दिवा का नाही लागला?"

मेहुणा वायर गुंडाळता गुंडाळता थांबला.

"बल्ब उडाला होता," कानसेन म्हणाला.

"हं, असेल. माझ्यासारखीच जुनी झाली ती." ती हसली, त्याचे आभार मानले आणि निघाली. तिची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत कानसेन हातात फडकं धरून उभा होता. बल्ब काढला तेव्हा निदान लोकांसमोर कानकोंडं व्हायची भीती होती. आज भीती कसलीच नव्हती. बाकड्यावर चिटपाखरू नव्हतं, समोरची बाई रागावलेली नव्हती. तरी त्याने खोटंच सांगितलं होतं.

संध्याकाळी ताटावर बसला तर घास उतरेना. बायकोने विचारलं, तेव्हा आधी "काही नाही" म्हणाला. मग खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. कानाचं, बल्बाचं, आजींचं, आजच्या खोट्याचं. सांगताना त्याला वाटत होतं, ती म्हणेल, जाऊ दे, होतं असं.

बायको ऐकून घेत होती. मग तिने एकच विचारलं, "म्हणजे ती बाई माफी लिहून देऊन बसलीय, ती तुम्ही काढलेल्या बल्बापायी?"

"हो."

"आणि तुम्ही जेवायला बसलाय?"

कानसेनने ताट बाजूला सारलं.

सकाळी आठच्या आधी तो सेवासंस्थेच्या आवारात जाऊन उभा राहिला. सिस्टर गाडीत पिशव्या भरत होती. त्याला बघून तिला वाटलं, काही हत्यार गाडीत राहिलं असेल. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. कशी सुरुवात करायची ते वाटेत घोकलं होतं, ते सगळं विसरला. "बल्ब उडाला नव्हता. मीच काढला होता. मला दुखणं सापडत नव्हतं, लोकांत हसं नको म्हणून काढला. मला ऐकायला येत नाही नीट. तुमची टिकटिक मला आलीच नसती."

सिस्टरच्या हातातली पिशवी तशीच राहिली. तिने खाली बघून काहीतरी म्हटलं. ओठ हलले तेवढे त्याला दिसले.

"काय म्हणालात?"

तिने परत म्हटलं. त्याला फक्त "आजी" एवढं कळलं.

"सिस्टर, जरा मोठ्याने..." आणि हे बोलतानाच त्याला कळलं की ती जे काही बोलतेय ते मोठ्याने बोलण्यासारखं नाही.

तिने मान वर केली. डोळे भरले होते. मोठ्याने, तोडून तोडून ती म्हणाली, "आजी ओरडत होत्या, तेव्हा मी धापा टाकत जिना चढत होते. आणि मनात स्वतःलाच शिव्या देत होते. गाडीला नाही. तुम्हाला नाही. स्वतःला. आलं ऐकू?"

दोन गाड्यांपलीकडे उभ्या असलेल्या मुलींनी वळून पाहिलं.

"आलं," तो म्हणाला.

"मला सांगून काय करू मी? आत मेट्रनबाई आहेत. त्यांना सांगा." तिने दार लावलं आणि गाडी सुरू करून निघून गेली. आज उशीर करून तिला चालणार नव्हतं.

मेट्रनबाईंच्या दाराशी बाकावर तीन परिचारिका आपापली कामं घेऊन बसल्या होत्या. दार सताड उघडं. कानसेनचा नंबर आला. मेट्रनबाई कागदावरून नजर न उचलता बोलणाऱ्यांपैकी होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं. त्याने "अं?" केलं. त्यांनी परत विचारलं, तशाच खाली बघून. तो अंदाजाने "मेकॅनिक" म्हणाला. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. ते बारीक हसणं त्याला ऐकू आलं नाही. मेट्रनबाईंची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली, त्यावरून त्याने ओळखलं.

"बाई, मला कमी ऐकू येतं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला म्हणाला, आणि किती आवाजात म्हणावं ते न कळल्याने फार मोठ्याने म्हणाला. व्हरांड्यात झाडू मारणारा माणूसही थांबला.

मेट्रनबाईंनी चष्मा काढला, खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्याकडे तोंड करून विचारलं, "नाव विचारत होते मी."

त्याने खरं नाव सांगितलं. मग बाकी सगळं. त्यांनी कागद-पेन पुढे सरकवलं. "लिहून द्या. सिस्टरकडूनही लिहूनच घेतलं होतं."

त्याला लिहायची सवय नव्हती. एक पान लिहायला पाऊण तास लागला. 'दिवा दुरुस्त केला' असं लिहिलं, ते खोडून 'दिवा लागू नये म्हणून बल्ब काढला' असं लिहिलं. कागद मेट्रनबाईंनी दोनदा वाचला.

"शेरा काढायचा की नाही ते वरचे ठरवतील," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही मेकॅनिक ना? इंजिनाचं दुखणं आवाजावरून ओळखता म्हणे. आमच्या दोन मुली सांगत होत्या."

"ओळखायचो," तो म्हणाला.

येताना सिस्टरच्या दोन्ही सेन्सरचे पैसे पाकिटात घालून तो तिथेच ठेवून आला.

गोष्ट बाहेर फुटायला आठवडाही लागला नाही. मेहुण्याने फोडली की त्या बाकावरच्या मुलींनी, कुणास ठाऊक. काही गिऱ्हाइकं तुटली. बाकड्यावर येणारी कमी झाली. जी राहिली त्यांनी त्याला कानसेन म्हणायचं बंद केलं. आणि ते त्याला थट्टेपेक्षा जास्त झोंबलं. कधी सवयीने एखाद्याच्या तोंडून "कान..." एवढं निघायचं, मग तो ओशाळून "मिस्त्री" म्हणायचा.

त्या महिन्यात बायको त्याला कानाच्या तज्ज्ञाकडे घेऊन गेली. बंद खोलीत बसवून, कानावर हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बराच वेळ काहीच आलं नाही, म्हणून त्याने दाबलं नाही. काचेपलीकडे बसलेली मुलगी बायकोकडे बघत होती आणि बायको भिंतीकडे. दोन्ही कानांना यंत्रं लागली. पहिल्या दिवशी शेडमध्ये आला तर पत्र्यावर कबुतरांची नखं वाजत होती, हवेच्या नळीची गळती सुसू करत होती. शिवाय मेहुणा काम करताना सतत स्वतःशी पुटपुटत असतो आणि त्यातलं बरंचसं आपल्याबद्दल असतं, हेही त्याला त्याच दिवशी कळलं.

आता तो गाडी रात्रभर ठेवून घेतो, सकाळी थंड असताना बघतो. डोळे मिटून ऐकायचं सोंग करत नाही. गिऱ्हाईक काही सांगायला लागलं की हातातलं काम खाली ठेवतो.

सहा महिन्यांनी सिस्टर आली. पायी आली. फाटकातून आत शिरली आणि शेडच्या दाराशी थांबली. कानसेनने घाईघाईने बाकडं फडक्याने पुसलं.

"बसत नाही," ती म्हणाली. "शेरा काढला त्यांनी. तुम्हाला कळावं म्हणून आले."

"बरं झालं," तो म्हणाला. "गाडी कशी आहे?"

"चांगली आहे. दुसरीकडे देते आता."

"बरोबर आहे."

तिने त्याच्या कानांकडे पाहिलं. यंत्र उजवीकडे जरा तिरकं बसलं होतं. धंद्यातली सवय म्हणून की काय, तिचा हात पुढे आला, पण तो तिने अर्ध्यावरून मागे घेतला. "ते आतल्या बाजूला थोडं दाबून बसवा," ती म्हणाली, आणि गेली.

कानसेनने यंत्र दाबून बसवलं. चेहरा गरम झाला होता. मेहुणा बघतोय हे कळून तो खड्ड्यात उतरला आणि वर उभ्या असलेल्या गाडीचे नट एकेक करून घट्ट करायला लागला.